सीडर पॉइंटची पहिली वारी: रोलर कोस्टरला घाबरणाऱ्यांसाठी (आणि 'मी नाही घाबरत' म्हणणाऱ्यांसाठीही)

ओहायो-मिशिगनकडे नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांना पहिल्या उन्हाळ्यात हमखास दोन प्रश्न विचारले जातात: नायगरा झाला का? आणि सीडर पॉइंट झालं का? नायगऱ्याला काही तयारी लागत नाही. कठड्याला टेकायचं आणि बघायचं. सीडर पॉइंट या रोलर कोस्टरच्या पार्काला मात्र तयारीशिवाय गेलेल्या माणसाचा दिवस ठरलेला असतो. अकरा वाजता पोचायचं, गेटाजवळ दिसेल त्या पहिल्या रांगेत दीड तास उन्हात उभं राहायचं, उतरल्यावर डोकं गरगरतंय म्हणून बाकावर बसायचं आणि उरलेला दिवस इतरांच्या पिशव्या सांभाळायच्या. 'आपल्याला नाही बाबा जमत हे' म्हणून विषय कायमचा बंद.

जमतं. बहुतेकांचा फक्त क्रम चुकलेला असतो. या लेखाचा निम्मा भाग त्या क्रमाबद्दलच आहे.

जागेची थोडी ओळख. ओहायोतल्या सँडस्की गावाला लागून ईरी सरोवरात घुसलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर हे पार्क आहे. १८७० पासून लोक इथे पोहायला येऊ लागले, १८९२ मध्ये पहिला रोलर कोस्टर उभा राहिला. आज अठराच्या आसपास कोस्टर आहेत. एका दिवसात सगळे उरकायचा हट्ट धरू नका. क्लीव्हलंडहून गाडीने साधारण एक तास, डेट्रॉइट किंवा कोलंबसहून दोन तासांच्या आसपास.

१. आधी वार ठरवा, तिकीट नंतर

पार्क साधारण मे ते ऑक्टोबर अखेर चालतं. मधल्या वारी जाता आलं तर मंगळवार ते गुरुवारच्या मध्ये जा. एक दिवसाची रजा टाकावी लागली तरी टाका, ती वसूल होते. ऑगस्टच्या शेवटाकडे शाळा सुरू होऊ लागल्या की गर्दी ओसरते, पण त्याच सुमारास पार्क काही वारी बंद राहतं किंवा लवकर आटोपतं. म्हणून कॅलेंडर बघितल्याशिवाय हॉटेल बुक करू नका.

ऑक्टोबरातले शनिवार टाळा. हॅलोविनच्या सजावटीसाठी अख्खा मिडवेस्ट लोटलेला असतो. हवा छान, झाडं लाल-पिवळी, फोटो सुंदर येतात, पण कोस्टर होतात जेमतेम चार.

जूनच्या उत्तरार्धात जाणाऱ्यांना एक वेगळी सूचना. त्या दिवसांत ईरी सरोवरातून मेफ्लाय नावाचे किडे थव्याथव्याने बाहेर येतात. चावत नाहीत, काही करत नाहीत, दिव्यांच्या खांबांवर थर देऊन बसतात. पण ताशी दीडशे किलोमीटरने जाताना तोंड उघडं ठेवून ओरडायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तिकीट ऑनलाइन आणि आधीच काढा. गेटवरचं सगळ्यात महाग पडतं. भाव तारखेप्रमाणे बदलतो. पार्किंगचे पैसे वेगळे लागतात हे लोक विसरतात. दोनदा जायचा विचार असेल तर सीझन पासची किंमत आणि दोन तिकिटं अधिक दोनदा पार्किंग, अशी बेरीज मांडून बघा. पास बऱ्याचदा स्वस्त निघतो, आणि त्यावर काही दिवशी इतरांच्या आधी आत सोडतात ते वेगळंच. फास्ट लेन म्हणजे पैसे भरून छोट्या रांगेत उभं राहण्याची सोय. मधल्या वारी तिची गरज पडत नाही. शनिवारी जाणारच असाल आणि खिसा परवानगी देत असेल तर घ्या.

२. सोबत काय, घरी काय

न्यायच्या गोष्टी:

– तिकीट फोनमध्ये, आणि त्याचा स्क्रीनशॉटही (गेटवर एकाच वेळी सगळे फोन बाहेर काढतात, नेटवर्क रडतं)
– क्रेडिट किंवा डेबिट कार्ड. आत रोख पैसे चालत नाहीत
– ड्रायव्हिंग लायसन्स, भारतातून आलेल्या आई-बाबांच्या पासपोर्टची प्रत आणि त्यांच्या प्रवासी विम्याचं कार्ड
– चालायचे बूट, अंगठ्यातून निसटणाऱ्या चपला नाहीत
– चेन असलेल्या खिशांची पँट किंवा कमरेला बांधायचा छोटा पाऊच
– चष्म्याला मागून बांधायची दोरी
– सनस्क्रीन, टोपी, पातळ रेनकोट
– रोजच्या गोळ्या, आल्याची वडी किंवा लिंबाच्या गोळ्या

घरी ठेवायच्या गोष्टी: ओढणी, लांब मंगळसूत्र, सैल बांगड्या, सेल्फी स्टिक. मंगळसूत्र काढायचंच नसेल तर ते बंद गळ्याच्या कपड्याच्या आत टाका. साडी नेसून आगगाडीत आणि पाळण्यात बसता येतं, पण मांडीवर बार (माणसाला सीटवर धरून ठेवणारा दांडा) येणाऱ्या कोस्टरवर ती गैरसोयीची. कुर्ता आणि लेगिंग्ज बऱ्या.

सुट्या वस्तूंच्या बाबतीत इथले लोक फार कडक आहेत, स्टील व्हेंजन्सवर तर विशेषच. त्यात आडमुठेपणा काही नाही. त्या कोस्टरवर माणूस सीटवरून वारंवार उचलला जातो, आणि खिशातला फोन त्याच्याआधी. वरून पडलेला फोन खालच्याच्या डोक्यात बसला तर काय होईल, याचा विचार केला की नियम पटतो. फोन लॉकरमध्ये टाका. चेनच्या पाऊचबद्दल त्या मोसमाचा नियम काय आहे, तो दारावरच्या पाटीवर वाचा.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. बाळाचं खाणं आणि वैद्यकीय पथ्य याला सूट असते. ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या गाडीतल्या कूलरमध्ये ठेवा. दुपारी बाहेर पडताना परत येण्यासाठीचा शिक्का हातावर मारून घ्या, पार्किंगमध्ये बसून खा आणि पुन्हा आत या. आत शाकाहाऱ्याच्या वाट्याला पिझ्झा आणि फ्राइज येतात, ते खाऊन लगेच कोस्टरवर चढणं हा शहाणपणा नाही.

३. तुमची भीती कोणती, ते ओळखा

'मला कोस्टरची भीती वाटते' असं म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारतो, कशाची? कारण भीती एक नसते. निदान चार असतात, आणि एका माणसाला चारही सहसा नसतात.

पहिली उंचीची. चढ चढताना खाली बघितलं की तळपायाला घाम येतो, ती. दुसरी पोटातल्या गोळ्याची. गाडी टेकाड ओलांडताना रूळ खाली वळतो, आपलं शरीर मात्र सरळ वर जाऊ बघतं आणि आपण सीटवरून सुटतो. कोस्टरवाले याला एअरटाइम म्हणतात. त्यातही एक तरंगता असतो, सावकाश, लांबलेला, आणि दुसरा फेकून देणारा, फटकन मांडीवरच्या बारवर आदळवणारा. तिसरी उलटं होण्याची. चौथी अचानक सुटण्याची: चढ नाही, पूर्वसूचना नाही, उभ्या जागेवरून गाडी गोळीसारखी निघते.

गंमत अशी की यातली जी सगळ्यात भयंकर वाटते, ती उलटं होण्याची, ती बहुतेकांना प्रत्यक्षात सगळ्यात सौम्य लागते. उभ्या गोल लूपमधून गाडी वेगाने जाते तेव्हा आपण सीटमध्ये दाबले जातो, लोंबकळत नाही. डोळे मिटले असतील तर उलटे झालो होतो हे कळतही नाही. लोंबकळायला होतं ते सावकाश फिरणाऱ्या वळशांत. इथल्या गेटकीपर नावाच्या कोस्टरवर पहिल्या उताराआधीच गाडी वर नेऊन पालथी करतात, तिथे पाय हवेत आणि चष्मा नाकावरून निघायच्या बेतात. तो अनुभव वेगळा.

आता ही चार मापं घेऊन इथले मोठे कोस्टर बघा. मिलेनियम फोर्स २००० साली उघडला तेव्हा ३०० फुटांच्या वर जाणारा आणि पूर्ण फेरी मारून परत येणारा तो जगातला पहिला कोस्टर होता: ३१० फूट उंची, ताशी ९३ मैल म्हणजे जवळजवळ १५० किलोमीटर. त्याच वर्षी ऑगस्टात जपानच्या स्टील ड्रॅगनने त्याचा उंचीचा विक्रम मोडला, पण त्याचा दरारा अजून आहे. तो एकदाही उलटा होत नाही, आणि त्याची टेकाडं लांब आणि सौम्य आहेत. म्हणजे भीती एकच, उंचीची. ती पहिल्या उताराबरोबर संपते, आणि पुढे नुसतं वाऱ्याबरोबर धावणं.

मॅव्हरिक याच्या अगदी उलट. उंची अवघी १०५ फूट, लांबून बघितलं तर 'हा तर लहान मुलांचा' असं वाटेल. पण पहिला उतार ९५ अंशांचा, म्हणजे सरळ उभ्यापेक्षाही आत वळलेला, आणि मध्येच बोगद्यातून ताशी ७० मैलांनी सुटका. उंचीला न घाबरणारी कित्येक माणसं मॅव्हरिकवरून उतरताना गप्प असतात.

स्टील व्हेंजन्समध्ये चारपैकी तीन भीत्या एकत्र आहेत. १९९१ चा मीन स्ट्रीक नावाचा लाकडी कोस्टर हाडं खिळखिळी करण्याबद्दल प्रसिद्ध होता. तो २०१६ मध्ये बंद केला, लाकडी सांगाडा बराचसा ठेवला आणि रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या आयडाहोच्या कंपनीने त्यावर पोलादी रूळ चढवला. २०१८ पासून तो २०५ फुटांवरून सरळ ९० अंशांत खाली येतो, चार वेळा उलटा होतो, आणि मधल्या काळात माणसाला सीटवर टेकू देत नाही. माझ्या मते या पार्कातला सगळ्यात चांगला कोस्टर हाच. पण पहिल्या दिवशी सकाळी, कोऱ्या पोटाने आणि कोऱ्या मनाने, याच्यावर बसू नका.

खोपोलीच्या इमॅजिकात नायट्रो केला असेल तर तुमचं एक पाऊल पुढे आहे. २०१३ चा तो कोस्टर बोलिजर अँड माबिलार या स्विस कंपनीचा, आणि इथले रॅप्टर, रूगारू, गेटकीपर, वालरावन हे चारही त्याच कंपनीचे. रूगारू तर नायट्रोच्याच जातीचा, पायाखाली फळी नसलेला. उलटं होण्याची भीती तुम्ही तिकडेच सोडून आला आहात. पण नायट्रोचा सगळा भर उलटं करण्यावर आहे, सीटवरून उडवण्यावर नाही. त्यामुळे 'नायट्रो केलाय, आता काय' या जोरावर थेट स्टील व्हेंजन्सकडे निघालात तर तो तुम्हाला नवीन काहीतरी शिकवेल.

४. गेटातून आत गेल्यावर

पार्क उघडायच्या किमान पाऊण तास आधी पार्किंगमध्ये असा. सामान तपासणी आणि मेटल डिटेक्टरची रांग असते. मुलं बरोबर असतील तर आधी त्यांची उंची मोजून मनगटाला पट्टी बांधून घ्या. नाहीतर प्रत्येक कोस्टरच्या दारात मोजणी, वाद आणि रडारड.

उंचीची अट इंचांत असते आणि ती कोस्टरच्या उंचीवरून ठरत नाही, सीटच्या रचनेवरून ठरते. मिलेनियम फोर्सला ४८ इंच पुरतात, स्टील व्हेंजन्स आणि मॅव्हरिकला ५२ लागतात, रॅप्टरला ५४. म्हणजे तुमचं आठ वर्षांचं पोर सगळ्यांत मोठ्या उतारांपैकी एकावर बसू शकतं, पण रॅप्टरवर नाही. हे त्याला घरीच समजावून ठेवा. बुटात कागद घालायचे उद्योग कृपा करून करू नका.

गेटातून आत आलं की गर्दी पहिल्या दिसलेल्या कोस्टरला चिकटते: डोक्यावरून जाणारा गेटकीपर, मग रॅप्टर, मग वालरावन. सराईत लोक मात्र तडक मागच्या टोकाला, फ्रंटियर टाउनकडे चालत सुटतात, कारण स्टील व्हेंजन्स आणि मॅव्हरिक तिथे आहेत आणि सकाळच्या पहिल्या तासात त्यांची रांग सगळ्यात छोटी असते. बहुतेक इंग्रजी सल्ले हेच सांगतात: उघडल्या उघडल्या मागे पळा.

नवख्याने हा सल्ला ऐकू नये. वाचलेला एक तास पुढच्या तीन तासांच्या मळमळीत जातो. तुम्ही सकाळ लहान कोस्टरवर घालवा, मोठे संध्याकाळी करा. रात्री पार्क बंद होण्याच्या सुमाराला रांगा पुन्हा आखूड होतात, आणि तोवर तुम्ही तयार असता.

५. चढत्या भाजणीने बसा

मी पाहुण्यांना नेतो तेव्हा साधारण हा क्रम असतो.

ब्लू स्ट्रीकपासून सुरुवात. १९६४ चा लाकडी कोस्टर, ७८ फूट, वेग शहरातल्या गाडीएवढा. गेटापासून जवळ. पोटातला गोळा म्हणजे काय ते इथे सौम्य भाषेत कळतं. हादरे बसतात, पण लाकडी कोस्टर थोडा खडखडला नाही तर मजा काय!

मग आयर्न ड्रॅगन. डबे रुळाखाली टांगलेले, झोके घेत पाण्याच्या कडेने जातात. आजीसुद्धा बसू शकेल, मणके ठीक असतील तर. त्यानंतर १९६९ ची सीडर क्रीक माइन राइड. कोणालाच ती फार आठवत नाही, पण वळणांची सवय होते.

मग जेमिनी. हा सोडू नका. १९७८ चा, लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ, आणि दोन गाड्या शेजारीशेजारी शर्यत लावतात, एक लाल, एक निळी. शेजारच्या गाडीतल्या अनोळखी माणसांना हात दाखवत, चिडवत जाताना भीतीकडे लक्षच राहत नाही. १२५ फुटांवरून खाली आलोय हे उतरल्यावर कळतं. भित्र्या माणसाला कोस्टरवेडा करायचं असेल तर जेमिनीइतकं चांगलं औषध नाही.

जेवण. जेवणानंतर तासभर आगगाडी, दुकानं, किनारा. मग मॅग्नम.

मॅग्नम एक्सएल-२०० बद्दल मला जरा जास्त बोलायचंय. १९८९ मध्ये ॲरो डायनॅमिक्सने उभा केलेला, रॉन टूमर यांनी आखलेला हा कोस्टर २०० फुटांची हद्द ओलांडणारा पहिला पूर्ण फेरीचा कोस्टर. उंची २०५ फूट, वेग ताशी ७२ मैल. त्याने ती हद्द ओलांडल्यावर जगभरातल्या पार्कांत उंचीची शर्यत सुरू झाली, आणि मिलेनियम फोर्स हे त्याच शर्यतीचं फळ. चढताना उजव्या-डाव्या बाजूला किनारा आणि पाणी, साखळीची कटकट, आणि घाईचं नाव नाही. परतीच्या वाटेवरची टेकाडं गोलाकार नाहीत, टोकदार आहेत, त्यामुळे तिथे उडवणं आणि आपटणं दोन्ही होतं. मांड्यांवर वळ उठतात. तरी लोक तिसऱ्या डब्यातली पहिली सीट मागून घेतात, कारण तिथे सगळ्यात जास्त उडतं म्हणे. तुम्ही पहिल्यांदा मागू नका.

यानंतर मिलेनियम फोर्स. इथे साखळी नाही, जाड केबलने गाडी ओढतात, त्यामुळे कटकट होत नाही आणि विचार करायला वेळही मिळत नाही. यावर मांडीवरच्या बारखेरीज एक पट्टा असतो, आणि तो पट्टा आखूड आहे. पोट सुटलेल्या मंडळींनी दाराबाहेर ठेवलेल्या चाचणीच्या सीटवर आधी बसून पट्टा लागतो का ते बघावं. तासभर रांगेत उभं राहून सगळ्यांसमोर उतरावं लागण्यापेक्षा हे बरं.

अंगात जोर उरला असेल तर गेटकीपर, वालरावन, मॅव्हरिक आणि शेवटी स्टील व्हेंजन्स. वालरावनवर २०० फुटांहून वर गाडी काठावर आणून काही सेकंद तशीच टांगून ठेवतात. उंचीची भीती असणाऱ्याने तो इतरांना करू द्यावा आणि खाली उभं राहून फोटो काढावेत. त्यात कमीपणा नाही.

कॉर्कस्क्रू ऐतिहासिक आहे, १९७६ मध्ये तीनदा उलटा होणारा जगातला पहिला. पण खांद्यावरच्या बारवर कान आपटतात. इतिहासाचं प्रेम असेल तरच.

टॉप थ्रिल टू आणि सायरन्स कर्स यांच्यावर दिवसाचा बेत बेतू नका. पहिला ४२० फूट, ताशी १२० मैल. २०२४ च्या मे महिन्यात उघडला आणि काही दिवसांतच बंद झाला, मग २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. दुसरा २०२५ चाच. तुटलेल्या रुळाच्या टोकाशी गाडी थांबते आणि रुळाचा तो तुकडा गाडीसकट ९० अंशांत खाली कलतो. दोन्ही विलक्षण आहेत, पण चालू दिसले आणि रांग सोसण्याजोगी असली तरच बसा.

६. पुढे बसायचं की मागे?

नवख्यांचा समज असा की मागची सीट सुरक्षित, पुढची भयंकर. खरं तर बऱ्याच कोस्टरवर उलटं आहे. गाडी लांब असते. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा मागचे डबे अजून चढावर असतात, म्हणून पुढचा जरा रेंगाळतो, तिथून दृश्य दिसतं. मागचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढचे सगळे खाली ओढू लागलेले असतात, त्यामुळे तो माथ्यावरून खेचला जातो. पहिल्या उतारावर खरा गोळा मागे येतो.

पहिल्या खेपेला मध्ये बसा. दृश्य हवं असेल तर पुढे, पण पुढच्या सीटसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळी आणि लांब रांग असते. मागची सीट दुसऱ्या खेपेला.

७. बसल्यावर

पाठ आणि कंबर पूर्ण मागे टेकवा, मगच बार खाली घ्या. बार मांडीवर यायला हवा, पोटावर नाही. खिशातली किल्ली, पाकीट बारखाली अडकलं की बार नीट बसत नाही. कर्मचारी येऊन बार दाबतील, पट्टा ओढून बघतील. त्यांना मदत करायला जाऊ नका, हात वर धरा.

डोळे उघडे ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. डोळे मिटले की कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण गिरक्या घेतोय, डोळे काहीच सांगत नाहीत, आणि त्या गोंधळातून मळमळ सुरू होते. पुढच्या रुळाकडे बघा, वळण कळलं की शरीर आपोआप तयार होतं. डोकं मागच्या टेकूला लावून ठेवा.

मोठ्या उताराच्या तळाशी आणि लांब वळणांवर रक्त डोक्याकडून पायांकडे जातं. क्षणभर डोळ्यांसमोर करडं झाल्यासारखं वाटलं तर घाबरू नका. पोट आणि मांड्या घट्ट आवळा, श्वास रोखून धरू नका. दिवसभर पाणी पिणाऱ्यांना हे कमी होतं. खाण्याच्या स्टॉलवर साधं पाणी मागितलं की फुकट मिळतं, बाटलीवर पैसे घालवू नका.

रिकाम्या पोटी जाणं आणि भरल्या पोटी जाणं, दोन्ही वाईट. थोडं थोडं खात राहा. मळमळीवरच्या गोळ्या घेणार असाल तर त्या झोप आणतात हे लक्षात ठेवा, परतीची गाडी तुम्हालाच चालवायची असेल तर विशेषच.

८. आई-बाबा आणि लहान मुलं

भारतातून आलेल्या आई-बाबांना नेताना त्यांचं ऐका, तुमचा उत्साह जरा बाजूला ठेवा. रक्तदाब, हृदयाचा त्रास, मान-पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यातलं काही असेल तर मोठे कोस्टर नाहीतच. गरोदरपणातही नाहीत. 'काही होत नाही हो बाबा' म्हणणाऱ्या मुलाने त्यांच्या प्रवासी विम्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, ते एकदा वाचावं.

त्यांच्यासाठी इथे बरंच आहे. वाफेच्या इंजिनाची आगगाडी पुढच्या भागातून मागच्या टोकापर्यंत जाते, आणि ती मौजेची तशीच पायपीट वाचवणारीही आहे. मोठा पाळणा, जुनी मेरी-गो-राउंड, डोक्यावरून जाणारे स्काय राइडचे डबे, आणि पार्काला लागून सरोवराचा किनारा.

लहान मूल असलेल्या जोडप्याने पेरेंट स्वॅपची चौकशी गेटावरच्या मदत केंद्रात करावी. एकाने बसून यायचं, दुसऱ्याने पोराजवळ थांबायचं, आणि मग दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

९. कोस्टर बंद पडला तर

पडतोच. गाडी चढावर मधेच थांबली की फोन काढून बातमी करायची गरज नसते. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एकाच वेळी एकच गाडी जाऊ शकते. पुढची गाडी वेळेत सरकली नाही की मागची आपोआप थांबते. म्हणजे सुरक्षेची व्यवस्था नीट चाललेली आहे. गाडीला रुळाच्या वर, खाली आणि बाजूला अशी तिन्हीकडून चाकं असतात, ती रुळावरून सुटत नाही.

वीज चमकली किंवा वारा वाढला की बाहेरचे सगळे कोस्टर थांबवतात. पावसामुळे पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. त्याऐवजी थांबा. तासभराच्या सरीनंतर निम्मं पार्क घरी गेलेलं असतं आणि उरलेल्यांना रांगा रिकाम्या मिळतात. रांगेत उभे असताना कोस्टर बंद पडला तर कर्मचाऱ्याला विचारा. 'सांगता येत नाही' असं उत्तर आलं तर वीस मिनिटांपलीकडे थांबू नका.

१०. शेवटचा तास

जुलैत इथे सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. दिवसभर धावून चाकं आणि रूळ तापलेले असतात, त्यामुळे रात्री कोस्टर सकाळपेक्षा जोरात पळतात, हे कोस्टरवाल्यांचं लाडकं गुपित. मिलेनियम फोर्स अंधारात करायचा. खाली पाणी दिसत नाही, नुसते दिवे.

बंद व्हायच्या वेळेपूर्वी रांगेत शिरलेल्या माणसाला बसूनच बाहेर काढतात. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत आपल्या सगळ्यात आवडत्या कोस्टरच्या रांगेत शिरा. बाकीची गर्दी पार्किंगमधून बाहेर पडण्यासाठी भांडत असते, तेवढ्यात तुमची शेवटची फेरी होते, आणि बाहेर येईपर्यंत रस्ताही मोकळा झालेला असतो.

११. आणि चटक लागलीच तर

बसलेल्या वेगवेगळ्या कोस्टरची यादी ठेवायला लागा. या जमातीत त्याला क्रेडिट म्हणतात. एकाच कोस्टरवर कितीदाही बसा, क्रेडिट एकच. जेमिनीच्या दोन बाजूंची दोन क्रेडिटं धरायची की एक, यावर लोक तावातावाने भांडतात. मी दोन धरतो. रोलर कोस्टर डेटाबेस या संकेतस्थळावर जगातल्या कोस्टरची उंची, वेग, बनवणारी कंपनी, सगळं मिळतं. अमेरिकन कोस्टर एन्थुझिॲस्ट्स ही संस्था १९७८ पासून आहे. सदस्यांसाठी पार्क उघडण्याआधी आणि बंद झाल्यावर खास फेऱ्या ठेवल्या जातात, आणि तिथे साठीतली माणसं लहान मुलांसारखी सीटसाठी पळताना दिसतात.

पुढची पायरी सिनसिनाटीजवळचं किंग्ज आयलंड. तिथला द बीस्ट हा १९७९ चा लाकडी कोस्टर ७,३६१ फूट लांब आहे, जगातल्या लाकडी कोस्टरमध्ये सगळ्यात लांब, आणि बरीचशी धाव जंगलातून. तोही रात्रीच करायचा. दोन्ही पार्कं एकाच कंपनीची आहेत, त्यामुळे सीझन पास घेताना तो दोन्हीकडे चालणारा आहे का, ते बघून घ्या.